नांगर टाकायची जागा

पाण्याच्या वहीत या हंगामाची पहिली नोंद १४ ऑक्टोबर २०२३ची आहे. ‘खोली ५ मीटर. तापमान २८. दृश्यता अर्धा मीटर. फोटो एकही नाही.’

त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. आजीचं म्हणणं, अशा दिवशी पाण्यात उतरू नये. बाबाही नको म्हणत होते, पण त्यांचं कारण निराळं होतं. “उधाणाचा पाणी आसा, तळ ढवळतला. भांग लागांदे, मगे जा.” मला मात्र घाई झाली होती. अख्खा पावसाळा थांबले होते, प्रवाळांच्या अभ्यासाच्या परवानगीचा कागद हातात होता, टाक्या भरून तयार होत्या. उतरले. हात लांब केला तर माझीच बोटं दिसेनात. चहाच्या रंगाच्या पाण्यात पंधरा मिनिटं चाचपडले आणि वर आले. बाबांनी मला होडीत ओढून घेतलं, टॉवेल दिला, बोलले काहीच नाहीत.

आठ दिवसांनी, दुर्गाष्टमीला, त्याच जागी चार मीटरपर्यंत स्वच्छ दिसत होतं.

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी. चंद्राची आणि सूर्याची ओढ तेव्हा एकमेकींना काटकोनात असते. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, प्रवाह मंदावतो आणि तळाचा गाळ जागच्या जागी बसून राहतो. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत आकृती काढून मार्कही मिळवले होते. पण ती आकृती आणि आमच्या भिंतीवरचं पंचांग एकच गोष्ट सांगतात, हे त्या दोन दिवसांत अंगाला कळलं. त्यानंतर हंगामभर माझं वेळापत्रक बाबांनी ठरवलं.

मी मालवणची. घर किनाऱ्यालगत, अंगणातून सिंधुदुर्गाचा तट दिसतो. तरी वयाची तेवीस वर्षं होईपर्यंत घरासमोरच्या समुद्राचा तळ मी पाहिला नव्हता. आमच्याकडे बायका मासळी विकतात, सुकवतात, हिशोब ठेवतात. होडीत बसत नाहीत. डायव्हिंग शिकले अंदमानात, पहिली प्रवाळं पाहिली ती तिथलीच, मग लक्षद्वीपची. तिथे पंचवीस-तीस मीटर दूरचं दिसतं. निळ्या पाण्यातले ते फोटो घरी पाठवले की आई म्हणायची, “छान आसत,” आणि फोन बाजूला ठेवायची. कुणा पाहुण्याच्या लग्नाचा अल्बम बघावा तसं ते बघणं होतं.

म्हणून संशोधनासाठी जागा निवडायची वेळ आली तेव्हा मी घर निवडलं. परिषदांमध्ये भेटणारी मंडळी मालवण म्हटलं की लगेच आंग्रिया बँकेविषयी विचारतात. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं ते बुडालेलं पठार विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आहे, आणि तिथली प्रवाळं थोर आहेत यात शंका नाही. पण मला हवा होता तो जेटीपासून होडीने वीस मिनिटांवरचा खडक. गढूळ पाण्यातला, दरवर्षी चार महिने पावसाचं गोडं पाणी आणि नदीचा गाळ सोसणारा. अशा पाण्यात जी प्रवाळं टिकतात ती कशी टिकतात, हा प्रश्न मला निळ्या पाण्यापेक्षा मोठा वाटतो.

काम सांगायला सोपं आहे. खडकावर चाळीस जागा नक्की करायच्या, प्रत्येक जागेशेजारी मेलेल्या दगडात खूण ठोकायची आणि दर महिन्याच्या भांगाला प्रत्येक जागेचा तसाच, तेवढ्याच उंचीवरून, फोटो घ्यायचा. त्यासाठी पन्नास सेंटीमीटरची चौकट लागते. ती मी बाजारातल्या नळजोडणीच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणून घरीच केली. पाइपांना भोकं पाडावी लागतात, नाहीतर आत हवा राहते आणि चौकट तरंगते. वर चार पाय जोडून कॅमेऱ्याची बैठक. हे प्रकरण खांद्यावर टाकून मी किनाऱ्यावर निघाले की शेजारचा मुलगा विचारायचा, “ताई, मांडव खंय घालूचो आसा?”

फोटोंविषयी थोडं सांगायला हवं, कारण पाण्यात कॅमेरा नेण्याआधी मला वाटायचं की अवघड भाग कॅमेरा कोरडा ठेवण्याचा आहे. तोही आहेच. पेटीच्या रबरी कडीवर एक केस राहिला तर पाणी आत येतं, त्यामुळे आदल्या रात्री दिव्याखाली बसून ती कडी पुसणं, तिला बोटाने ग्रीस लावणं हा माझा नेम झाला. पण खरं अवघड काम रंगांचं. पाणी प्रकाश गिळतं आणि आधी तांबडा गिळतं. चार-पाच मीटरवरच तांबडा मलूल होतो. खडकावर बोट खरचटलं तर येणारं रक्त काळपट दिसतं. आमच्या किनाऱ्याच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती खूप, त्या निळाही शोषतात. उरतो हिरवा. म्हणून मालवणच्या पाण्यात काढलेला पहिला फोटो नेहमी शेवाळलेल्या विहिरीसारखा येतो. पांढरी पाटी समोर धरून कॅमेऱ्याला दर वेळी शिकवावं लागतं की बाबा रे, हा पांढरा आहे.

फ्लॅश मारला तर रंग परत येतात, पण पाण्यात तरंगणारा कण न् कण उजळतो. भर पावसात कशेडी घाटात गाडीचे दिवे मोठे केले की समोर नुसता पांढरा पडदा उभा राहतो, तसं. उपाय दोनच. फ्लॅशचे हात दोन्ही बाजूंना लांब ठेवायचे, आणि जवळ जायचं. खूप जवळ. आणि जवळ जाऊन स्थिर राहायचं, कारण पायातल्या पंख्याचा एक चुकीचा फटका बसला की तळाची रेती उठते आणि पुढची दहा मिनिटं गेली. श्वास घेतला की शरीर वर जातं, सोडला की खाली. त्या चार बोटांच्या चढउतारात श्वासाच्या नेमक्या ठिकाणी बटण दाबायचं. मी इतकी शांत दुसऱ्या कुठल्याही कामात नसते.

चाळीस चौकटी झाल्या आणि टाकीत हवा उरली तर ती माझी. तेव्हा मी मला हवं ते बघते. पाण्याखाली शांतता असते हा समज चुकीचा आहे. तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज सतत चालू असतो, तो बोटभर कोळंबीसारख्या प्राण्यांच्या नांग्यांचा. खडकाच्या कपारीत वाम तोंड उघडत-मिटत बसलेली असते. ती दम देत नसते, श्वास घेत असते. पांढऱ्या पट्ट्याची, तांबड्या शेपटीची फुलपाखरू-मासोळी जोडीने फिरते. आणि डिसेंबरात एकदा माकूल दिसलं. आमच्या घरात माकूल म्हणजे पांढरं, लिबलिबीत, आईच्या पाटीतलं. हे माझ्यासमोर हातभर अंतरावर थांबलं, पाठीवरून तपकिरी पट्ट्यांच्या लाटा सोडल्या, अंग खडबडीत केलं, पुन्हा गुळगुळीत केलं, आणि डब्ल्यूच्या आकाराच्या बाहुलीने माझ्याकडे पाहत मागे मागे सरकत गेलं. तो फोटो आईने फोन हातात घेऊन मोठा करून पाहिला. “जिती माकुलां अशी दिसतत?” तिने तीस वर्षं माकूल विकलंय. अंदमानच्या एकाही फोटोला तिने असा प्रश्न विचारला नव्हता.

मधे खंडही पडले. ४ डिसेंबरला नौदल दिन आमच्या किनाऱ्यावर साजरा झाला, त्या धामधुमीत आम्ही आठवडाभर पाण्यात उतरलो नाही. जानेवारीत सरगॅसमचं तपकिरी शेवाळ कमरेइतकं वाढलं, अर्ध्या चौकटी त्याखाली गेल्या आणि एका हाताने ते बाजूला धरून दुसऱ्याने फोटो काढावा लागला. सुट्ट्यांत पर्यटकांच्या होड्या दाटीने लागायच्या. एकदा एका वाटाड्याने पाहुण्याला नीट उभं राहता यावं म्हणून त्याचे पाय धरून प्रवाळावर टेकवले, खिशातून पाव काढून माशांना चारला. मासे आले, पाहुण्याचा व्हिडिओ झाला. मी पाण्याखाली काही बोलू शकत नव्हते. वर आल्यावर बोलले, तर तो पोरगा ओशाळला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की तो दगड नाही. मला त्याचा राग धरता आला नाही, कारण आमच्या भाषेनेही ते त्याला सांगितलेलं नाही. पोवळं हा शब्द आहे, पण तो आजीच्या माळेतला, भूमध्य समुद्राच्या खोल पाण्यातून आलेला लाल मणी. प्रवाळ हा शब्द पुस्तकातला. मालवणच्या खडकावर वाढणाऱ्या, मातकट पिवळ्या, मेंदूसारख्या वळ्यांच्या किंवा फुलकोबीच्या पानासारख्या पसरट प्राण्याला निदान आमच्या वाडीत तरी एकच शब्द आहे. धोंडो.

आता बाबांची गोष्ट.

माझा खडक मला बाबांनीच दाखवला होता. ती त्यांची गरवायची जागा. गोबरे आणि तांबोशी तिथे हमखास लागतात. त्यांच्याकडे जीपीएस नाही. देवळाचा कळस एका ठरावीक माडाच्या डोक्यावर आला आणि त्याच वेळी तटाचा एक बुरूज डोंगराच्या खाचेत बसला की होडी थांबवायची. “तीन वाव पाणी.” माझ्या यंत्राने पाच मीटर वीस दाखवलं. पुढे आठ महिने त्यांनी मला प्रत्येक वेळी असंच नेलं आणि माझ्या खुणांपासून ते कधी होडीच्या लांबीपेक्षा जास्त चुकले नाहीत.

नोव्हेंबरच्या भांगाला चौकट क्रमांक १७मध्ये एक ताजी जखम दिसली. पोरायटिस जातीच्या प्रवाळाचा घुमट, मीटरभर उंच, त्याच्या कडेचा तुकडा उडालेला आणि वरून खाली पांढरी खोक. मी फोटो घेतला, पाटीवर लिहून ठेवलं, ‘१७, यांत्रिक इजा’. रात्री जेवणं झाल्यावर खळ्यात बसून लॅपटॉपवर चौकटी तपासत होते. बाबा विडी विझवून शेजारी येऊन बसले. आपण ज्यावर आयुष्यभर गळ सोडला तो तळ ते पहिल्यांदा बघत होते. एकेक फोटो थांबवायला लावत होते. गोनिओपोरा जातीच्या प्रवाळाचा फोटो आला, दिवसाढवळ्या उमललेला, प्रत्येक फुलाला चोवीस पाकळ्या.

“हीं फुलां कसली?”

“फुलां नाय, बाबा. प्राणी आसत. हात भायर काढून खातत.”

मग १७ नंबर आला. त्यांनी घुमटाकडे बोट केलं. “हो धोंडो.”

“तो पण.”

“हो धोंडो जितो आसा?”

मी सांगितलं. वरचा पातळ थर जिवंत, खाली त्यानेच रचलेला चुना. वर्षाला वाढतो तो साधारण सेंटीमीटरभर. त्यांनी मनात हिशोब केला. “म्हंजे माज्या आज्याच्या येळचो.” मग ते त्या पांढऱ्या खोकेकडे बघत राहिले. ती खरी किती रुंद, असं विचारलं. चौकटीची बाजू माहीत असली की मोजता येतं. मी मोजून सांगितलं. ते उठले, होडीकडे गेले. परत आले तेव्हा हाताची चार बोटं जुळवून धरली होती, नांगराच्या दाताची जाडी मोजून आणलेली. “आमचोच,” म्हणाले.

तो फोटो मी त्यांना दाखवण्यासाठी काढला नव्हता. जखम कशाची हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं, हे लिहितानाही मला बोचतं. मला वरच्या जगातून फक्त पर्यटक दिसत होते. बाबा आणि त्यांच्या आधी आजोबा मासे असतात तिथेच नांगर टाकत आले, आणि मासे असतात ते त्या घुमटांमुळे. त्या रात्री त्यांनी परत लॅपटॉपकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विचारलं, “ह्यो फोटो खंय जातलो?”

या प्रश्नामागे छत्तीस वर्षं होती. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८चा गाभा. बाबा तेव्हा नुकतेच स्वतःची होडी चालवू लागले होते. आपण जिथे रोज जातो ती जागा आता अभयारण्य आहे, हे त्यांना नंतर कळलं. मी अभयारण्य आणि मच्छीमार यांच्यातल्या वादाच्या सावलीत वाढले. आमच्या घरात ‘अभयारण्य’ हा शब्द आजारपणाचं नाव घ्यावं तसा खालच्या आवाजात घेतला जायचा. आणि आता त्यांचीच मुलगी त्यांच्याच खुणांवरून जाऊन, अक्षांश-रेखांशासह, त्यांच्याच नांगराच्या जखमेचा पुरावा काढून आली होती. २००१पासून दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे.

प्रवाळ जगायला हवं, असंच मला वाटतं. ते मी कुणाहीसमोर बोलेन. पण ज्या समुद्रात रात्री क्षितिजावर दिव्यांचं शहर उभं राहतं, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ साली बंदी येऊनही, तिथे दोरीला एक गळ बांधून बसलेल्या माणसाची आणि माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्याची बेरीज एकाच रकान्यात करायला मी तयार नाही. इजेचं कारण नोंदवताना मी ते नोंदवलं, लपवलं नाही. जागेचे आकडे मात्र कुठल्याही सार्वजनिक फोटोसोबत मी देत नाही, इथेही दिलेले नाहीत. हे पुरेसं आहे का, यावर माझं स्वतःशी अजून भांडण चालू आहे.

बाबांनी त्यांच्या बाजूने वेगळाच प्रश्न काढला. पुढच्या भांगाला निघताना म्हणाले, “खंय टाकू सांग.”

मी पाटीवर तळाचा नकाशा काढला. खडकाच्या पूर्वेला मला रेतीचा एक पट्टा माहीत होता, होडीच्या दोन-तीन लांबींएवढा. त्यावर दोन्हीकडे काही नाही, नुसती लाटांच्या खुणा उमटलेली रेती. बाबांना तो ठाऊक नव्हता. वरून तिथे मासे लागत नाहीत, म्हणून त्यांनी ती जागा कधी बघितलीच नव्हती. मी म्हटलं, नांगर इथे टाका. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि मी विचार न केलेली गोष्ट सांगितली. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. होडी नांगरापासून पश्चिमेला ओढली जाते. म्हणजे नांगर पूर्वेच्या रेतीत पडला आणि दोरी लांब सोडली तर होडी बरोबर खडकावर येऊन थांबेल. पण दुपारी खारा वारा सुटला की होडी फिरते आणि किनाऱ्याच्या दिशेला जाते. तेव्हा रेती पश्चिमेला हवी. “थंय रेव आसा?”

मला माहीत नव्हतं. मी उतरून पाहिलं. होती, पण चिंचोळी, आणि दोन वाव जास्त खोल.

पुढचे चार महिने आम्ही हेच करत होतो. माझ्या संशोधनात याला जागा नव्हती, आराखड्यात याचा एक शब्द नाही. मी खाली जाऊन नांगर कुठे पडला ते बघायचे, वर येऊन सांगायचे. ते दोरी कमीजास्त करायचे, वारा बघायचे, थांबायचे. दोनदा नांगर रेतीतून घसरला आणि खडकाच्या कडेला जाऊन अडकला. एकदा मीच हाताने सोडवला. १७ नंबरच्या जखमेवर आधी हिरवट शेवाळाचा थर आला. फेब्रुवारीत फोटो मोठा करून पाहिला तर कडेने जिवंत पेशींची पिवळसर किनार आत सरकली होती, दोन-तीन मिलिमीटर. बाबांना दाखवलं. “जखम भरता,” ते म्हणाले, आणि त्या रात्री आईला दोनदा सांगितलं.

एप्रिलमध्ये पाणी तापलं. १५ एप्रिल २०२४ला जगभरच्या प्रवाळांचं चौथं जागतिक विरंजन, म्हणजे रंग उडून पांढरं पडणं, जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी, रामनवमीच्या आदल्या दिवशी, मी पाण्यात होते. मनगटावरचं यंत्र ३१ दाखवत होतं. प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवालं राहतात, तीच त्याला बहुतेक अन्न देतात आणि रंगही. उष्णता सोसेनाशी झाली की ही सोबत तुटते, शैवालं बाहेर पडतात आणि उरतं पारदर्शक अंग, ज्यातून आतला चुना दिसतो. प्राणी लगेच मरत नाही. उपाशी राहतो. पाणी वेळेत थंड झालं तर सोबती परततात. फुलकोबीच्या पानांसारख्या टर्बिनॅरियाच्या काही कडा फिक्या दिसल्या. मी पांढऱ्या पाटीवरून कॅमेरा पुन्हा पुन्हा सुधारून घेतला, माझ्या रंगाच्या मोजणीतच चूक असावी असं मला मनापासून वाटत होतं. चूक नव्हती. १७ नंबरच्या माथ्यावरही नाण्याएवढा एक फिकट डाग होता.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “नांगर?” मी म्हटलं, नांगर नाही. पाणी गरम झालंय. ते बराच वेळ गप्प बसले. नांगर हलवता येतो.

शेवटचा भांग मेच्या मध्यावर, अक्षय्य तृतीयेनंतरचा. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं होतं, म्हणून बाबा आकाशाकडे दर पाच मिनिटांनी बघत होते. पाणी पुन्हा गढूळ व्हायला लागलेलं. चाळीसपैकी चाळीस चौकटी झाल्या. १७वरचा डाग तेवढाच होता, जखमेची किनार आणखी थोडी आत. मी टाकीतली उरलेली हवा तिथेच संपवली, कॅमेरा बंद करून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात होडी वर ओढली, झाप टाकून बांधली. बाबांनी नांगराची दोरी गोड्या पाण्याने धुऊन पडवीत वाळत टांगली. त्यांनी तिला दोन ठिकाणी चिंध्या बांधल्या आहेत. तांबडी सकाळच्या वाऱ्याची, पांढरी दुपारच्या. गेल्या आठवड्यात शेजारचे काका आले, दोरीकडे बघून हे काय म्हणून विचारलं. बाबांनी माझी पाटी मागून घेतली, तीवरचा नकाशा अर्धा पुसला गेला होता तो पेन्सिलीने स्वतः पुरा केला, आणि पाऊस पत्र्यावर वाजत होता म्हणून जरा मोठ्या आवाजात, खडक कुठे नि रेव कुठे ते त्यांना समजावत बसले.